आठ पानं, एक हळद

सांगलीच्या मार्केट यार्डात, पोत्यांच्या थप्पीला टेकवलेल्या टेबलावर
मी जिनगोंडा मगदूमांना समजावत होतो:
मथळे दोन, फोटो दोन, बटणाचे रंग दोन.
दोन दुणे चार, चार दुणे आठ.
एकाच दुकानाची आठ पानं.
येईल त्याला त्यातलं एक,
कोणतं, ते नाणं उडवून.

मगदूमांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"म्हंजे गिऱ्हाईकाचं तोंड बघून बोलायचं?"
तोंड दिसतच नाही, अण्णा.
"आन् भाव?"
भाव आठांवर तोच.
तेवढ्यानं भागलं. त्यांच्या वडिलांनी
रुमालाखाली बोटं दाबून सौदे केलेले;
न दिसणाऱ्या हाताची
त्या घराला सवय होती.

एक फोटो पितळी ताटातल्या हळकुंडांचा,
मिरजेच्या स्टुडिओतला, उजेड नीट पडलेला.
दुसरा मी मोबाईलवर काढला:
अक्काताई कोळेकरचा तळवा.
बावीस हंगाम हळद निवडून
रेषांत पिवळं असं मुरलंय
की हात बघणारा म्हणेल, आधी धुवून ये,
आणि धुवून काही होणार नाही.

मग हिशेब. दिवसाला माणसं चौऱ्याऐंशी,
आठांत वाटली तर दहा-अकरा,
त्यातून विकत घेणारं एखादं, तेही आलं तर.
खात्रीनं काही म्हणायला किती दिवस?
कॅल्क्युलेटरनं सांगितलं ते मी मोठ्यानं बोललो नाही.
तोवर नवी हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन
याच यार्डात उतरली असती.
बटणाचा रंग सोडला.
आठाची चार झाली.

आठवड्यानं आकडे बिघडले.
एका दुपारीत सांगलीतून एकोणचाळीस जण,
सगळे नवे फोन,
पान उघडलं, चार सेकंद, बंद.
खरेदी शून्य.
मला वाटलं एखादं यंत्र असेल, नाहीतर शेजारच्या पेढीची खोडी.

दस्तगीर हमाल हसत म्हणाला,
अक्काताई यार्डभर फिरतीय.
तिच्या फोनला ताट आलं होतं.
एकदा ताट आलं की त्या फोनला कायम ताट,
हा नियम माझाच.
म्हणून ती तोलाईवाल्याचा फोन मागत होती, चहावाल्याचा,
कर्नाटकातून आलेल्या ट्रकच्या क्लीनरचा:
"माझा हात येतोय का बघू दे."
आला की चारचौघांना दाखवायची.
नाही आला की पुढचा फोन.

मी सांगलीचे आकडे गाळले. गाळावेच लागतात.

दोन महिन्यांनी कळलं ते एवढंच:
'अस्सल सांगली हळद' या मथळ्याखाली ताट चालतं, हात पडतो.
'एकेक निवडलेली हळद' याखाली
हात ताटाच्या पुढे जातो, किंचित,
पैज लावावी इतका अजून नाही.
म्हणजे हात एकटा जिंकला नाही, हरलाही नाही.
त्याच्या डोक्यावर कोणते शब्द होते
त्यावर गेलं सगळं.

"पास का नापास?" अक्काताईनं विचारलं.
शब्दांवर आहे, म्हटलं.
"शब्द कुणाचं? तुझं?"
हो.
"मग नीट लिव की,"
असं म्हणून तिनं सुपातल्या हळकुंडांत
परत हात घातला.