कारणाचा रकाना

रात्री साडेनऊनंतर
सोळा वर्षांखालचं कुणी एकटं दिसलं
तर नाव लिहायचं. पालक सोबत असेल तर सोडायचं.
पालिकेचा ठराव एवढाच, दीड पानाचा,
त्यातलं अर्धं पान सह्या.

मला दिलीय शिट्टी, टॉर्च
आणि हे लांबोडं रजिस्टर.
नाव, वय, वेळ यांना ऐसपैस जागा,
कारणाचा रकाना मात्र बोटभर.
त्यात 'क्लास' मावतो, 'औषध' मावतं.
परवा एकीने सांगितलं ते मावलं नाही,
मी 'घरगुती' लिहिलं.

एप्रिल. काजूच्या भट्ट्या पेटलेल्या,
अख्ख्या वाळपईला हुर्राकाचा वास,
माझ्या खाकी कॉलरलासुद्धा.
दहा वाजून दहा मिनिटांनी आला गौरेश गावस,
वय तेरा, पायांत बापाच्या चपला.
"खंय रे?"
"पप्पाक हाडूंक. आईन व्हाणो लिपयल्यो,
तो तसोच गेला."

मी नियम सांगितला. एकटा चाललायस,
नाव लिहावं लागणार.
तो थोडा वेळ अंगठ्याने डांबर उकरत राहिला,
मग म्हणाला, येताना पप्पा असतील ना सोबत?
मग येतानाच लिहा.

हा मुद्दा पालिकेत कुणी काढला नव्हता.
मी टॉर्च विझवला.

बाजार रिकामा. फुलवालीचं ओलं गोणपाट,
स्टँडवर शेवटची कदंबा, ड्रायव्हर सीटवर आडवा.
घरी फोन लावला, माझी नववीतली:
जेवलीस? हो. कडी? लावली.
भीती वाटते? गप्प.
ठरावाप्रमाणे ती सुरक्षित.

पावणेअकराला ते दोघे आले.
चपला आता ज्याच्या त्याच्या पायांत,
गौरेश अनवाणी.
दत्ताराम गावस, वय चव्वेचाळीस,
त्याच्यासाठी ठराव नाही.
पोराने त्याला खांबाला टेकवलं
सायकल टेकवतात तसं, एकदा हलवून बघितलं,
आणि आपणहून रजिस्टर मागितलं.
'पालकाची सही' छापलंय तिथं
शाळेतल्या गोल अक्षरात
स्वतःचंच नाव घातलं.

चूक दुरुस्त करायला मी पेन उचललं खरं.
बाप म्हणाला, चल, उशीर जाता.

चढ लागतो तिथवर मी उजेड धरून उभी.
वरून आवाज आला:
"पुरो गे मावशे,
वाट पाठ आसा."