तीन नकाशे आणि पाचवं दार

माझ्या फोनमध्ये तीन नकाशे आहेत.
मारलेन म्हणतो, दोन बायकांची फजिती ऐकली होती,
तू तर तिसराही घरात घेतलास.
मारलेन आमच्या दवाखान्याची गाडी चालवतो,
एकोणतीस वर्षं.
नकाशाला रस्ता विचारणं म्हणजे त्याच्या मते
शेजाऱ्याला आपल्याच घराचा पत्ता विचारणं.

मी घरोघर जाते. मलमपट्टी, इंजेक्शनं, सलाईन.
अल्माटीत, डोंगराकडे चढत गेलेल्या या शहरात
दक्षिण-उत्तर कुणी म्हणत नाही.
वर म्हणतात, आणि खाली म्हणतात.
'औषधाच्या दुकानाच्या वर, शाळेच्या खाली.'
तिघांपैकी एकालाही वर-खाली कळत नाही.
त्यांच्या लेखी शहर पोळपाटासारखं सपाट.

हिरवा मला आवडतो.
नेटवर्क गेलं तरी जागा असतो,
आणि कुठल्या इमारतीला किती दारं,
कुठलं दार कुठल्या अंगाला, त्याला तोंडपाठ.
उणे सतरात, हातात जड पिशवी घेऊन
पाच मजली इमारतीला उलटा वळसा घातलेल्या माणसालाच
दाराची किंमत कळते.
पण गर्दीशी त्याला सोयरसुतक नाही.
अकरा मिनिटं म्हणतो. लागतात चाळीस.

लाल गर्दीवरच जगतो.
कुठे ट्रक आडवा झालाय, कुठे सिग्नल मेलाय,
आधीच हुंगून ठेवतो.
वाचवलेली चार मिनिटं मोजून हातावर ठेवतो,
आणि त्यासाठी असा द्राविडी प्राणायाम,
गराजांच्या मागून, बाजाराच्या तोंडातून,
एकदा तर गोठलेल्या पाटाच्या काठाकाठानं,
की मारलेन गाडी थांबवून सिगारेट ओढायला उतरला.
शिवाय त्याला नवीच नावं समजतात.
म्हातारी माणसं फोनवर 'मीर रस्ता' म्हणतात.
मीर म्हणजे शांती.
त्या रस्त्याचं नाव आता डिसेंबर आहे.
मी मनातल्या मनात शांतीचा डिसेंबर करते,
मग टाइप करते.

चौरंगी जग हिंडून आलेला.
परक्या देशातलं कुठलं हॉटेल किती वाजता बंद होतं, सांगेल.
आमच्या गल्लीत मात्र बुजतो,
बूट कुठे काढू विचारणाऱ्या पाहुण्यासारखा.
पण विसरत नाही. काहीच विसरत नाही.

अफानासी त्सोय, पाचवं दार, तिसरा मजला,
दर गुरुवारी आठला, पायाच्या जखमेचं ड्रेसिंग.
जन्मभर गॅसचे मीटर वाचले त्यानं,
आकडे लिहिल्याशिवाय चैन नाही.
मी पट्टी सोडेपर्यंत विचारायचा,
'आज कुणी आणलं?'
आणि कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं रेघ मारायचा.
हिरवा चौदा. लाल नऊ.
चौरंगी दोन, तेही बहुधा दयेपोटी.
मारलेन सोळा.
'तो थापा मारतो,' मी म्हणायचे.
'नकाशेही मारतात,' तो म्हणायचा, 'पण पोचल्यावर
चहा प्यायला वर येत नाहीत.'

फेब्रुवारीत, एका सोमवारी, तो गेला.

हिरव्याला पत्ता नाही.
त्याच्याकडे पाचवं दार अजून पाचवं दारच आहे,
अंगणाच्या बाजूला, उतारावर, अचूक.
चौरंगीनं महिनाअखेरीस कळवलं,
या ठिकाणी एक्केचाळीस भेटी.
पुसून टाकू का, असंही विचारलं.
मी फोन पालथा ठेवला.

आणि लाल.
गुरुवारी साडेसातला, कुणी न विचारता,
त्सोय, तेवीस मिनिटं, रस्ता मोकळा.

मारलेननं काच खरवडून झाली होती.
'वर की खाली?' त्यानं विचारलं.
त्यालाही ठाऊक होतं की.
गाडीत हीटरचा तेवढा आवाज.

खाली, मी म्हटलं.
खाली, बाजाराच्या अलीकडे,
बोताकोझचं बाळ, नऊ दिवसांचं, कावीळ आहे.
दार कुठलं ते माहीत नाही.
हिरव्याला विचारते.