बिल्ला

कामावर लागलो तेव्हा माझ्या नावाचा बिल्ला
छापून आला नव्हता.
खापेकर मॅडमनं ड्रॉवरमधून एक काढून दिला,
पिन वाकलेली, वर नाव : प्रफुल.
"सध्या हाच लाव. कोण वाचते?"

सगळे वाचतात, मॅडम.
आवाज चढवायचा असला
की आधी छातीकडे बघतात.

हिंगणा रोडवरचं पार्क, मे महिना,
सेहेचाळीस डिग्रीत फायबरचा हत्ती सोंडेनं पाणी उडवतो
आणि मी ड्रॅगनच्या पाळण्यापाशी
रंगवलेल्या जिराफाशेजारी उभा.
जिराफाच्या गुडघ्यापर्यंत डोकं आलं तर आत,
नाही तर नाही.
एवढंच माझं काम.

"प्रफुल, अक्कल गहाण ठेवून आला का बे?"
"बाराशे मोजलेत प्रफुल, फुकट नाही आलो."
"याचे मामा कोण आहेत, माहीत आहे का तुला?"
एक बाई उसाचा रस अर्धा पिऊन
उरलेला माझ्या बुटावर ओतून गेल्या,
कारण रांग सावलीत नव्हती.
ऊनसुद्धा प्रफुलच्याच खात्यात.

मी हसायचो. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
सहा दात दिसले पाहिजेत.
आतून मात्र मी मोकळा.
शिवी यायची, बिल्ल्यावर आपटायची
आणि परस्पर बुटीबोरीला जायची,
जिथं खरा प्रफुल सूतगिरणीत रात्रपाळी करतो.
तक्रारवहीत त्याच्या नावावर अकरा तक्रारी जमल्या.
एकदा फोन करून सांगितलं.
"अकरा?" तो म्हणाला, "मी होतो तेव्हा चारच होत्या.
चांगलं नाव काढून राहिला तू माझं."

मग शाळा उघडायच्या आधी माझा बिल्ला आला.
नवाकोरा, पिन सरळ. खेमराज.
हे नाव पूर्ण कोणी घेत नाही.
आई खेमा म्हणते, मित्र खेम्या.
पूर्ण फक्त शाळेच्या हजेरीत
आणि मतदार यादीत,
तिथंही क्षेमराज करून ठेवलंय.

त्याच दुपारी पांढऱ्या गाडीवाला आला.
कपाळावर गॉगल, बोटात गरगर फिरणारी किल्ली.
पोरगं दोन बोटं कमी.
"चप्पल घालून मोज."
"चप्पल घालूनच मोजलं, सर."
"ओजस, टाचा वर कर."
पोरानं केल्या. मी मान हलवली.
मग तो बिल्ला वाचायला वाकला, सावकाश,
हॉटेलचं बिल तपासावं तसा.
"खेमराज.
तुझ्यासारखे दहा माझ्याकडे गाड्या धुतात, खेमराज."

ही बुटीबोरीला गेली नाही.
इथंच थांबली, पिनेच्या टोकाखाली.
तोंडाशी आलं होतं,
पगार देता का त्यांना वेळेवर.
सहा दात दाखवले.

तो मॅनेजरला फोन लावत राहिला, रेंज नव्हती,
ड्रॅगनचा भोंगा कान फोडत होता,
आणि पोरगं, टाचा खाली टेकवायच्या विसरून,
माझ्या बिल्ल्यावर बोट ठेवत होतं :
"...म, रा, ज.
काका, पहिलं कोणतं?"
"ख. त्यावर एक मात्रा."
"खडूचा ख?"
"खडूचाच."
"खे," तो म्हणाला,
आणि वळून जिराफाला परत पाठ लावून पाहिली.
दोन बोटं तशीच.

बापानं दंड धरून ओढलं.
पोरगं लांबून ओरडलं,
"खेमराजकाका, पुढच्या वर्षी येतो!"
बापानं माझ्याकडे असं पाहिलं
की मीच काहीतरी शिकवलं.
शिकवलं होतंच. एक अक्षर.

संध्याकाळी पार्क बंद होताना वही चाळली.
माझ्या नावावर पहिली तक्रार,
अक्षर मोठं, रागानं कागद फाटलेला :
"खमराज हा माणूस उद्धट आहे."
मात्रा राहिली होती.
खापेकर मॅडम कुलूप लावत होत्या.
मी त्यांचं पेन मागून घेतलं
आणि दिली.