एका नावाच्या दोघी

रेडिओवर तिचं नाव आलं तेव्हा लेओकादिया
मक्याच्या पिठात कोपरापर्यंत बुडाली होती.
"लेओकादिया, ताशी वीस किलोमीटर, किनाऱ्याच्या दिशेने."
ती म्हणाली, गुडघा धड असता
तर गेलेही असते.

ती दुसरी तोवर दोन आठवड्यांची होती.
आफ्रिकेवरून निघाली तेव्हा
वाऱ्यातली नुसती एक सुरकुती.
अख्खा अटलांटिक तिने मुकाट ओलांडला,
मध्ये आलेली चिंचोळी जमीनही,
आणि तेहुआंतेपेकच्या दक्षिणेला,
जिथे सप्टेंबरात समुद्र
बाळंतिणीच्या न्हाणीइतका कढत,
तिथे रेंगाळली.
वाफ वर गेली. रिकाम्या जागेकडे वारा धावला.
त्याला सरळ पोचता येईना,
खाली पृथ्वीच वळत होती,
म्हणून तो फिरत राहिला,
जात्याभोवती फिरावं तसा.

बारसं झालं मायामीच्या एका कचेरीत,
यादीवर बोट ठेवून.
पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत.
त्याच रात्री तिने डोळा उघडला.

एल सिरुएलारच्या शाळेत अठ्ठावन्न माणसं,
सात कुत्री, आणि तामालांचं पातेलं
जे लेओकादियाने कुणालाच उचलू दिलं नाही.
पोरं म्हणाली, डोन्या लेओ, तुमचंच नाव ना,
सांगा की तिला, परत जा म्हणून.
सांगितलं, ती म्हणाली, ऐकत नाही.
मीही कुणाचं ऐकलं नव्हतं.

मग पत्रे गेले.
आधी चर्चचे, मग बर्फाच्या कारखान्याचे,
मग कुणाचे ते कळेना.
समुद्र पायऱ्या चढून आला
आणि फळ्याखाली खडू शोधत राहिला.

पहाटे दोनला सगळं थांबलं.
वर तारे. खरंच तारे.
डोळ्यात अडकून इथवर आलेले फ्रिगेट पक्षी
पटांगणात पडत होते
ओल्या छत्र्यांसारखे.
फुलहेन्सिओ म्हणाला, वीस मिनिटं आहेत,
मोटर नारळीला बांधून येतो.
मोटर नवी होती.
एर्मेलिंदाने त्याचा सदरा धरला होता,
तिच्या हातात बटण राहिलं.

वारा परतला तो उलट्या बाजूने.

पुढचं नकाशावर आहे.
डोंगराला आपटून ती फाटली,
कॉफीच्या उतारांवर दोन दिवस कोसळली,
आणि तिसऱ्या दिवशी पलीकडच्या रानात
एका मेंढपाळाने वर पाहिलं तेव्हा
साधा ढग होता. निनावी.

इथे खारफुटी सोलून निघालेली,
माड सगळे एकाच दिशेला आडवे,
जणू कुणी बोट दाखवलं होतं.
आणि नऊ वर्षं बुजलेलं खाडीचं तोंड
तिने एका रात्रीत फोडलं होतं.
खारं पाणी आत आलं, त्यामागून बोय,
त्यामागून कोळंबी, इतकी
की माणसं जाळी ओढता ओढता हसली
आणि मग फुलहेन्सिओच्या दाराकडे पाहून गप्प झाली.

हवामान खात्याची पोरगी आली पंचनाम्याला.
म्हणाली, फार माणसं मारणारं नाव
यादीतून कायमचं काढतात.
आणि हे?
हे राहील बहुतेक. सहा वर्षांनी पुन्हा पाळी येईल.
लेओकादियाने बोटांवर मोजलं. सदुसष्ट.
एक माणूस पुरत नाही का गं, तिने विचारलं.
पोरगी कागद चाळत राहिली.

एर्मेलिंदा तिला आता नावाने हाक मारत नाही.
"ऐका", म्हणते, किंवा "शेजारीणबाई",
चाळीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच.
लेओकादिया ओ देते.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती दारात आली.
ऐका, म्हणाली, चार द्या.
लेओकादियाने केळीच्या पानात पाच बांधले.
पैसे चारांचे घेतले.