उसवण

डॉक्टरबाईंनी कागदावर डोळा काढला,
मधोमध भिंग, भोवती बारीक रेघा.
म्हणाल्या, दोसिंदा, हे भिंग नुसतं ठेवलेलं नसतं,
टांगलेलं असतं, शेकडो धाग्यांवर.
तुमचे खालचे धागे सैल पडलेत,
म्हणून ते वर सरकलंय.

मला हसूच आलं.
एकेचाळीस वर्षं मालपिकाच्या धक्क्यावर
बुटकी खुर्ची, पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेलं जाळं,
आणि उसवलंय कुठे
हे मला सांगणार ही कोरुन्याची पोरगी!

तसं मला आधीच कळलं होतं.
डाव्या डोळ्याला एक बोट धक्क्याला लागताना दिसायची
आणि दुसरी तिच्या जरा वर,
हवेत, कुणाच्याच मालकीची नसलेली.
मी बोटांनी चाचपून गाठी मारत राहिले.
गाठीला डोळे लागत नाहीत.

मग त्यांनी विचारलं, घरात फार उंच कोण होतं?

आमारो. माझा भाऊ.
दारातून वाकून आत यायचा.
चष्मा बरणीच्या बुडासारखा, मागून दोरीने बांधलेला.
आणि ती बोटं! आई म्हणायची,
जाळी विणायचे हात घेऊन हा समुद्रावर निघाला.
अडतिसाव्या वर्षी मासळीची पेटी उचलताना
'पाठीत काहीतरी फाटलं' म्हणाला आणि बसला.
पाठीत नव्हतं.
आम्ही थंडीला बोल लावला, दारूला लावला,
त्याच्या बायकोलासुद्धा लावला.

तुम्हीही उंचच की, बाई म्हणाल्या.
असेन.
बसलेल्या बाईची उंची कोण मोजतं?

ज्या सुतावर भिंग टांगलेलं असतं
त्याच सुताने हृदयाची मोठी नळी विणलेली असते,
एकाच रिळाचा माल.
कधी कधी डोळा आधी उसवतो,
सांगून ठेवतो.
आमारोचा डोळाही सांगत असणार.
आम्ही त्याला जाड काच घेऊन दिली.

संध्याकाळी घरी इरिया, माझी नात, चेस्टनट सोलत होती.
अकरा वर्षांची, बाह्या कायम आखूड पडणारी.
म्हटलं, मनगट धर बघू आपलं, दुसऱ्या हाताने.
अंगठा करंगळीवर गेला,
नख ओलांडून पुढे गेला.
'आजी, वर्गात हे फक्त मलाच जमतं!'
चेस्टनटचं साल माझ्या नखाखाली घुसलं होतं,
ते मी बराच वेळ काढत बसले.

जाळ्याचं एक घर तुटलं
की आधी ते शिवायला घेत नाहीत.
आधी हात फिरवायचा आजूबाजूच्या घरांवरून,
हळू, ताण देऊन.
हे मला आईने शिकवलं, तिला तिच्या आईने.
माणसांच्या बाबतीत कुणी शिकवलं नाही.

सकाळी सहा चाळीसची बस आहे.
सुआरेसचं जाळं अर्धं पडलंय, पडू दे.
दोघींची नावं लिहून घ्या, मी फोनवर सांगितलं,
डोळ्याचं नको, हृदयाचं.
इरियाने विचारलं, कुठे जायचंय?
म्हटलं, माझा चष्मा बदलायचाय.
मग मी पण घेणार, म्हणाली. लाल काड्यांचा.