दातांचा आरसा

माझी खालची दाढ हिनेच काढली,
एकोणऐंशीच्या थंडीत.
त्या दवाखान्यात आता केस कापतात,
आणि डॉक्टर टेगवेन प्रॉसर
दर शनिवारी आमच्या चॅपलच्या दफनभूमीत
पालथी पडलेली असते, ओल्या गवतात, कोपरांवर.

भोवती शाळेची पोरं. हातात तोच आरसा,
नाण्याएवढा, लांब दांड्याचा.
अळंबीच्या टोपीखाली तो अलगद सरकवते.
"बघा, आ केलाय तिनं."

उपटायचं नाही.
वेल्समधल्या या खाणगावातली निम्मी तोंडं
जिनं रिकामी केली, ती म्हणते,
उपटायचं नाही.
पोरांना यातलं काही ठाऊक नाही.
माझी जीभ मात्र आपोआप त्या खड्ड्यात जाते.

मेणटोप्या म्हणते ती यांना.
एक लाल, चिकट, जॅम सांडल्यासारखी.
एक हात लागला की काळवंडणारी.
आणि माझ्या आजोबांच्या स्लेटच्या दगडापाशी
गुलाबी, कडा फाटलेला परकर नेसलेली.

मी इथला गवत कापणारा.
कापलेलं पाठीवर वाहून बाहेर टाकतो,
कुजून पोसायला नको म्हणून.
पानगळ लागली की यंत्र कुलपात.
खजिनदार इलटिडनं अकरा पोती खत आणलं, फुकट:
"मेलेल्यांचा मान राहील, हिरवंगार दिसेल."

बैठकीत तिनं दाती तृण धरलं नाही.
एवढंच विचारलं,
"इथं कधी नांगर का लागला नाही?"
कुणीच बोललं नाही.
"खाली तुमची माणसं आहेत म्हणून.
ही जमीन त्यांनी राखली, निजल्या निजल्या.
पलीकडचा डोंगर बघा,
खत खाऊन हिरवाकंच झाला, आणि मुका."

मतं समसमान पडली.
पोती अजून शेडमध्ये आहेत.
किल्ली माझ्याकडे.

एका पोरीनं विचारलं, "मुळं किती खोल?"
"मुळं नाहीतच. धागे आहेत.
कुठवर गेलेत, मला ठाऊक नाही."
डॉक्टरच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

काल तिनं मलाही पालथं पाडलं,
सदुसष्टाव्या वर्षी, आजोबांच्या उशाशी.
आरशात पातळ पातळ पडदे,
श्वास लागताच धुकट झाले.
"हलू नका," ती म्हणाली.

उठताना गुडघा अडला. तिनं हात दिला.
"थोडं दुखेल हं,"
अगदी तेव्हासारखं.
दुखलं.