मूळचा

हर्णैला गाडी जॅकवर चढवून
उस्मान सारंग टायरला आधी नख लावतो.
"नवा हाय ह्यो. साचा तेवढा जुना."
रिमजवळ बारीक चार आकडे,
कितवा आठवडा, कितवं साल.
"जुन्याला वय इचारावं लागत नाय.
कडेला भेगा पडतात,
काळा रंग राखेवर जातो."

मालक गप्प. बिलावर 'अस्सल' लिहिलेलं.

मग उस्मान त्याला धक्क्यावर नेतो.
'गौसिया'च्या कुशीला, दोरावर
लोंबतोय एक.
इंचातलं माप, झिजलेली नक्षी,
खाचांत कालवं.
"तुमच्या आजोबांच्याच गाडीचा.
आमच्या बाबानं काढला, मी हितं बांधला."

मालक किंमत विचारतो.
भरतीचं पाणी होडी उचलून
धक्क्यावर आदळतं,
टायर मधे.
उस्मान बिडी शोधत राहतो.